पत्र्यावरचं विरजण

प्रणोतीने गच्चीवरचा सोलरचा पत्रा फिनेलने पुसला, तो मीरूसाठीच. सातव्या महिन्यात जन्मलेली पोर, फुप्फुसं अजून कच्ची, आणि डोक्यावरच्या त्या पत्र्यावर जिवाणूंचा थर! पत्रा लख्ख झाला आणि दोन तासांत घरातली वीज मंदावली. तारांची वीज गावातून केव्हाच गेली होती. मीरूला प्राणवायू देणारं यंत्र आता बॅटरीवर होतं, आणि बॅटरी जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होती.

"अगं, शिकलेली ना तू?" शेजारच्या कमळाकाकू वाटी घेऊन आल्या. "ऊन पकडणारे ते बारीक कण जिवाणूच तर घडवतात. त्यांनाच मारलंस, आता वीज काय फिनेल देणार?"

"मला वाटलं, तिला बाधेल."

"माझा पत्रा दोन दिव्यांपुरता, यंत्र नाही पेलणार त्याला. हे त्याच्यावरच्या जिवाणूंचं विरजण घे. कोमट पाण्यात कालव, बोटांनी पातळ पसर. ऊन चांगलंय, चारपर्यंत लागेल."

"नाही लागलं तर?"

"मी मीरूजवळ बसते," काकू एवढंच म्हणाल्या.

तापल्या गच्चीवर प्रणोती गुडघे टेकून बसली. तो काळपट, आंबूस थर तिने उघड्या बोटांनी पत्राभर सारवला. खालून यंत्राची घरघर ऐकू येत होती. दवाखान्यात मीरूच्या काचेच्या पेटीपाशी महिनाभर ती जे पुटपुटत उभी राहायची, तेच तिच्या तोंडून निघालं.

"जगा रे सोन्यांनो. जगा."