पाय टेकवायला जागा

मोरेनिके नातवाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. उंबऱ्यापुढे टँकरचं चाक होतं.

त्या चाकामागे दुसरं चाक, त्यामागे पिवळी मिनीबस, त्यामागे अख्खं लागोस शहर. रेल्वे फाटक कायमचं बंद करून तिथे भिंत घातली, त्याला अकरा दिवस झाले होते. त्याच दिवशी अलाडे गल्लीच्या तोंडाशी बाणाची पाटी रोवली गेली आणि फाटकावरून जाणारं सगळं या गल्लीतून पुलाकडे जाऊ लागलं. गल्लीत कुणाला कुणी विचारलं नाही. पाटी रोवायला आलेल्यांनी मोरेनिकेकडे पाणी तेवढं मागितलं होतं. तिने दिलं होतं.

बाळ आज आठ दिवसांचं झालं. आठव्या दिवशी सकाळी मूल पहिल्यांदा घराबाहेर येतं. दारापुढच्या मातीला त्याचे उघडे पाय टेकवायचे आणि मग घरातल्या सगळ्यांत थोरल्याने त्याच्या कानात नाव सांगायचं. सातव्या दिवशी नाही, नवव्या दिवशी नाही. मोरेनिकेच्या पाचही मुलांचे पाय याच मातीला टेकले होते.

तिचे थोरले दीर, बाबा लादिपो, फाटकापलीकडे राहत. चार मिनिटांची वाट. आज ते पहाटे निघाले आणि पुलावरून वळसा घालून नऊ वाजता पोचले. आता आत खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. सून तितिलायो नामकरणाचं ताट घेऊन उभी होती. पाणी, मध, मीठ, कोलाच्या कडू बिया. धूर बसू नये म्हणून तिने ताटावर पदराएवढं कापड धरलं होतं, तरी मीठ काळवंडलंच.

"मागच्या दारी टेकवा की, मावशी," मिनीबसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर म्हणाला. "पोराला काय कळतंय, माती कुठली ते."

"मागे गटार आहे," मोरेनिके म्हणाली. "तुझे टेकवले असतील तिथे."

बसमधली माणसं हसली. टँकर हातभर पुढे सरकला. चाक गेलं, तर उंबऱ्यापुढे त्यामागचं चाक आलं. बाळाचे पाय टेकवायला मोरेनिके दोनदा वाकली, दोनदा सरळ झाली. तिसऱ्यांदा मात्र वाकली नाही. घराच्या भिंतीला घासत पुढे गेली आणि टँकरच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. मागोमाग तितिलायो ताट घेऊन आली.

एक हॉर्न वाजला, मग दहा, मग मोजता येईनात. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला वाहतूक शिपाई अकिनोला गाड्यांमधून वाट काढत धावत आला.

"ममा, बाजूला व्हा. हा आता मुख्य रस्ता आहे."

"कधीपासून?"

"वरून आदेश आहे."

"माझं घर चाळीस वर्षं इथे आहे. ते आहे का तुझ्या आदेशात?"

"ममा, मागे पाचशे गाड्या खोळंबल्यात."

"फाटक होतं तेव्हा मालगाडीसाठी अर्धा अर्धा तास थांबायचात. गुमान. मालगाडीत सिमेंट असायचं." तिचा आवाज चढला नव्हता. त्याला ऐकायला पुढे झुकावं लागलं. "हे माणूस आहे."

अकिनोलाने बाळाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"तुझे पाय कुठे टेकले होते रे?" तिने विचारलं.

"इबादानला." मग हळू आवाजात, "आमच्या दारात."

"दारात ना? मग."

 पण टँकरवाला खिडकीतून मान काढून बघत होता, कंडक्टर बघत होता, आणि अकिनोलाच्या अंगावर गणवेश होता. त्याने खिशातून वही काढली.

"रस्ता अडवल्याची नोंद करावी लागेल मला. अडवणाऱ्याचं नाव सांगा."

मोरेनिकेने दुपटं सोडलं. टायरच्या ताज्या खुणेवर, टँकरपासून वीतभर अंतरावर, बाळाचे दोन्ही तळवे टेकवले. माती तापलेली होती. बाळाने पाय आखडून घेतले आणि ते रडायला लागलं. टँकरवाल्याने इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न वाजतच होते.

बाबा लादिपो काठी टेकत भिंतीकडेने पुढे आले.

"अडवणारा हा," मोरेनिके अकिनोलाला म्हणाली. "नाव अजून ठेवायचंय, त्यासाठीच उभे आहोत. आधी त्याच्या कानात जाऊ दे, मग तुझ्या वहीत."