अठ्ठेचाळीस मिनिटं

"तुमच्या पानावर पंचावन्न मिनिटं लिहिलंय. ते चूक आहे," फोनवरचा म्हातारा आवाज म्हणाला.

तिनं संकेतस्थळावरचं ते पान उघडलं. ऑफिसात तिला सगळे किलोमीटरबाई म्हणत. कुठल्याही दोन विमानतळांची जोडी द्या, त्यांच्यातलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती, याचं पान ती चुटकीसरशी तयार करायची. स्वतः ती विमानात कधी बसली नव्हती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. अंतराला आठशेनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की झालं.

"तीनशे तीस किलोमीटर. पंचावन्न बरोबर आहे, काका."

"अठ्ठेचाळीस! अकरा वर्षं त्या विमानात चहा वाटलाय मी. शेवटच्या रांगेला कप देईपर्यंत पुढच्यांचे गोळा करायची वेळ व्हायची. पंचावन्न मिनिटं मिळाली असती, तर दोन घोट मीही घेतले असते."

तिला हसू आलं. मग तिला त्या जोडीपुढचा लाल ठिपका दिसला. मधली सरहद्द बंद झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, या मार्गावर एकही विमान उडालं नव्हतं. असली पानं पाचच्या आत काढून टाका, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

"काका, ते पान आज जाणारच आहे. त्या मार्गावर विमानच नाही."

"विमान नाही, हे मला सांगताय? आमची ताई तिकडे दिलीय. दिली तेव्हा हाकेच्या अंतरावर वाटली. आता जायचं तर तीन विमानं आणि एकतीस तास, सगळा द्राविडी प्राणायाम. तिचे गुडघे गेलेत, मला डॉक्टर सोडत नाही. रोज फोन करतो, पण रोज बोलणार काय? परवा तिनं तुमचं पान वाचलं. म्हणाली, 'तू तर अठ्ठेचाळीस म्हणायचास, लबाडा!' नव्वदीला टेकलीय, पण भांडायची हौस फिटत नाही. आम्हा दोघांत आता तेवढं एकच भांडण उरलंय, बाई. उद्या ती उघडेल आणि पानच नसेल, तर?"

तिला वाईट वाटत होतं आणि साहेबांची भीतीही वाटत होती. तिनं पंचावन्न खोडून अठ्ठेचाळीस केलं.

"केलं, काका. ताईंना आत्ताच बघायला सांगा."

पाच वाजता साहेब टेबलाशी आले. "हे सरहद्दीचं एक राहिलं वाटतं, किलोमीटरबाई."

"राहू दे ना, साहेब."

"नसत्या विमानाचं पान कशाला? आणि ठेवायचंच असेल, तर विमानाची स्थिती भरावी लागते. रिकामी ठेवून चालत नाही."

तिनं यादी उघडली. तीनच पर्याय होते: वेळेवर, उशिरा, रद्द. तिनं 'उशिरा' निवडलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "किती उशिरा?"

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "दोन उतारू अजून थांबलेत."