अंगणातल्या झाडाचं स्टूल

सुताराचा कारखाना जंगलतोडीच्या तपासणीत नापास झाला. पण ते सोडा, अजून तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. तपासनीस बाईंनी प्रत्येक फळीचं झाड नकाशावर शोधलं, एकही जंगलातलं नव्हतं. सही झाली की खुर्च्या परदेशी निघणार होत्या. “आणि मी बसलेय ते स्टूल?” “बाबांनी केलेलं. अंगणातल्या झाडाचं.” “झाड कुठे होतं?” “तुमच्या पायाखाली.” बाई दचकून उठल्या. “तोडून तिथे काय केलंत?” “हा कारखाना.” थाप मारता आली असती, पण सुताराचा हात स्टुलाखाली गेला होता. त्याच्या लहानपणीच गेलेल्या ताईच्या झोक्याच्या दोराचा वळ लाकडावर अजून होता. “अहो, खोटं तरी बोलायचं! झाड तोडून बांधकाम म्हणजे नियमाने जंगलतोडच, नापास करावं लागेल,” म्हणत बाईंनी चूक कशी भरून काढणार ते लिहायचा सुधारणेचा अर्ज पुढे सरकवला. त्याने लिहिलं: सदर स्टूल जमा करून घ्यावे आणि झाड, झोक्यासह, ताईसह, पूर्ववत उभे करून मिळावे, ही विनंती.