वारा पाहायचा कापूस

बोंडअळीचं ते साल होतं. शीलाबाईंचा नवरा उकंडा शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन महागावच्या दवाखान्यात पडला होता. कालच त्याला घरी आणलं होतं. डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितली, आणि नेमका आजच एसी वारा देईना.

दुरुस्तीला आलेल्या मुजफ्फर मिस्त्रीने एसीची जाळी धुतली, गॅसचा दाब मोजला. दोन्हींत दोष नव्हता. मग नेहमीच्या सवयीने त्याने दोऱ्याला बांधलेला कापसाचा पुंजका एसीच्या तोंडाशी धरला.

शीलाबाई दचकल्या. "असा कापूस नका धरू, भाऊ. असा मेल्या माणसाच्या नाकाशी धरतात."

"वारा पाहून राह्यलो, भाभी. कायले घाबरता?"

खाटेवर निजलेल्या उकंडाच्या कपाळासाठी रुमाल ओला करायला त्या आत गेल्या.

पुंजका बाहेर उडाला. मग हळूच आत ओढला गेला. पुन्हा बाहेर आला. एसीच्या त्या तोंडातून हवा फक्त बाहेर येते, हे मुजफ्फरला पक्कं ठाऊक होतं. त्याने मेन स्विच पाडला. दिवा विझला, पंखा थांबला.

पुंजका हलतच राहिला. आता त्याच्यासोबत एसीतून बारीक घरघरही ऐकू येत होती.

मुजफ्फर स्टुलावरून उतरला आणि तोच पुंजका त्याने खाटेवरच्या उकंडाच्या नाकाशी धरला. कापूस सरळ लोंबत राहिला.

शीलाबाई रुमाल घेऊन आल्या, दारातच थबकल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"आयका, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "कसे नीट श्वास घेऊन राह्यले हे."