आतली जर्सी

सरनाईक सरांनी हातातली पाण्याची बाटली गवतावर आपटली. "साळोखे, मंडलिक गोलसमोर मोकळा उभा होता! पास का दिला नाहीस?"

साळोखे वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

आंतरविद्यापीठ राष्ट्रीय फुटबॉलची सेमीफायनल, हाफटाइमला संघ एका गोलनं मागं, आणि आपल्याच दोन फॉरवर्डनी एकमेकांना एकदाही बॉल दिला नव्हता. एक वरच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा, दुसरा खालच्या. कोल्हापुरातलं वैर बॅगेत भरून दोन दिवसांचा प्रवास करून पोरांनी इथवर आणलं होतं.

घामानं चिकटलेल्या विद्यापीठाच्या जर्सीतून आतला रंग दिसला तशी सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी साळोखेची कॉलर ओढली. आत तालमीची जांभळी जर्सी. मंडलिकच्या आत हिरवी.

"काढा! आत्ताच्या आत्ता! पेठेसाठी खेळायला आलाय का इथं?"

दोघांनी आतल्या जर्स्या काढून गवतावर टाकल्या.

गोलकीपर बिराजदार जतहून शिकायला आलेला, त्याला पेठ नव्हती. तो हळूच म्हणाला, "सर, तुमची पण काढा की."

सरांनी खाली पाहिलं. ट्रॅकसूटच्या उघड्या गळ्यातून जांभळी कॉलर डोकावत होती.

सगळा संघ त्यांच्या हाताकडं बघत होता. हात चेनवर गेला. सरांनी चेन गळ्यापर्यंत वर ओढली आणि ओरडले, "बघताय काय? मैदानात चला!"

मंडलिक वाकला. हिरवी जर्सी उचलून त्यानं पुन्हा आत घातली.