वरचा अर्धा कप्पा

डोक्यात स्मृतिचिप बसवल्यापासून हेमलता सांगलीत घरबसल्या भाषांतरं करायची. कामापुरते चिपमधले आठवणींचे कप्पे भाषांतराच्या परक्या प्रोग्रामला वापरायला द्यावे लागत. एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की गेलेल्या नवऱ्याचं, दिगंबरचं, सगळं बोलणं आठवतंय. पण त्याचा आवाज काही केल्या आठवत नाही.

चिपकेंद्रातल्या इंजिनिअर कुंदाताई म्हणाल्या, "कप्प्याच्या खालच्या अर्ध्यात शब्द असतात, वरच्या अर्ध्यात आवाजाचा सूर. परक्या प्रोग्रामने खालचा अर्धा जसाच्या तसा परत करायचा, एवढंच त्याच्यावर बंधन. वरचा अर्धा त्यात पुसला जाऊ शकतो, म्हणून चिप ज्याची त्याने तो आधीच दुसरीकडे जपून ठेवायचा, असा संकेत आहे."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."



हेमलता तिथून थेट धाकट्या दिराकडे गेली. श्रीरंगने चिप बसवलेली नव्हती.

"भावोजी, दिगंबर मला 'हेमा, ऐकलंस का' म्हणायचा ना, तसंच म्हणून दाखवा."

श्रीरंगने डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं.

"असाच होता आवाज?"

"नाही वहिनी. दादा शेवटी जरा लांबवायचा."

"मग लांबवा," ती म्हणाली आणि त्याच्या जवळ सरकून बसली.