रोखीच्या भावात हप्ते

“एक पैसा व्याज नाही, वहिनी. एक पैसा!” विक्रेत्याने कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण पुन्हा उघडून दाखवलं. “चोवीस हजार, बारा हप्ते. महिन्याला दोन हजार. विषय संपला.”

नर्सने नवऱ्याकडे पाहिलं. रंगाच्या शिडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. घरात आठ महिन्यांची जुळी. दवाखान्यातली पाळी संपवून ती घरी जायची, ती थेट कपड्यांच्या बादलीपुढेच बसायची. साबणाने बोटांची सालं निघायला लागली होती.

“घेऊन टाकू,” नवरा हळूच म्हणाला. “तुझे हात बघवत नाहीत मला.”

“अहो, पण फुकट उधार कोण देतं?”

“तेच म्हणतायत ना, बिनव्याजी!”

“म्हणायला काय जातंय?” मागून आवाज आला.

सत्तरीच्या घरातली एक बाई शेजारच्या मशीनपाशी उभी होती. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. ती विक्रेत्याकडे वळली. “काय रे, हेच मशीन रोख घेतलं तर केवढ्याला?”

विक्रेता घुटमळला. “रोखीला थोडी सूट आहे, आजी.”

“मावशी म्हण. थोडी म्हणजे किती?”

“बावीस हजारांना बसेल.”

“मग हप्तेवाल्याचे ते दोन हजार कुठल्या गावाला गेले?”

नर्सला हसू फुटलं. विक्रेत्याला मात्र घाम. “तसं नाही मावशी, हप्त्यांना सूट लागू होत नाही...”

“सूट काढून घेतली म्हणजेच व्याज लावलं की! वर अर्जाची फी आहे का?”

“आठशे. आणि त्यावर कर.”

“नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!” मावशींचा आवाज चढला. टीव्ही बघत असलेला एक दाढीवाला गृहस्थ वळला. मिक्सर हाताळणाऱ्या दोघी जवळ सरकल्या. “ज्याच्याकडे रोकड आहे त्याला स्वस्त, आणि ज्याची ओढाताण आहे त्याला महाग. वर पाटी कसली? बिनव्याजी! बोलवा तुमच्या मॅनेजरला.”

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. टाय घातलेला, जिभेवर साखर. “बाई, शांतपणे बोलू. आत या, चहा घ्या.”

“चहा नको. भाव सांगा. रोखीच्याच भावात हप्ते द्यायचे. नाहीतर ती पाटी उतरवायची.”

“असं नियमात बसत नाही, बाई.”

“बरोबर बोलतायत त्या,” दाढीवाला म्हणाला. “मलाही टीव्हीला हेच गणित घातलंय.”

मॅनेजरने सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी हललं नाही. मावशी दम घ्यायला थांबल्या. आता कोण बोलणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते.

आणि नर्सच बोलली. वॉर्डात डॉक्टर ओरडले तरी खाली मान घालणारी ती, स्वतःचाच आवाज ऐकून चमकली. “आम्हाला उधार हवंय, भीक नको. दर महिन्याला वेळेवर भरू. पण बावीस म्हणजे बावीस. फी नाही. नाहीतर हे मशीन इथेच राहू दे. मी अजून वर्षभर हाताने धुवेन.”

तिने हात पुढे केले. सोललेली बोटं सगळ्यांनी पाहिली. मिक्सरवाल्या दोघींपैकी एकीने “अगं बाई!” म्हणत तोंडावर हात ठेवला.

मॅनेजरने कपाळ पुसलं. बराच वेळ फोनवर कुणाशी तरी बोलला, मान हलवली, पुन्हा बोलला. शेवटी म्हणाला, “हरलो बुवा. रोखीचा भाव, बारा हप्ते, फी माफ. पण एवढ्यापुरतंच. आत्ता दुकानात जे आहेत, त्यांनाच. उद्या कुणी आलं तर मी नाही म्हणणार.”

दुकानात टाळ्या वाजल्या. दाढीवाल्याने टीव्ही नक्की केला. नुसता मिक्सर बघायला आलेल्या दोघींनी एक फ्रिजही ठरवला. रस्त्यावरून जाणारे चौघे-पाचजण काय चाललंय म्हणून आत शिरले आणि त्यांनाही मॅनेजरने कुरकुरत “बरं, तुम्हीही” म्हटलं. सह्यांसाठी रांग लागली.

बाहेर आल्यावर नवऱ्याने डाव्या हाताने तिचा खांदा दाबला. “काय बोललीस गं! मॅनेजरची बोलतीच बंद.”

“मी कसली? मावशींनी सुरुवात केली म्हणून.” तिचं तोंड फुललं होतं. उद्या मशीन घरी येणार. जुळ्यांची दुपटी, सासूबाईंच्या चादरी, सगळं आपोआप गरगर फिरणार. आणि एक पैसाही जास्त द्यायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला तरी वाकवलं होतं.

कोपऱ्यावर ती एकदम थांबली. “अहो, मावशींना साधं थँक्यूही नाही म्हटलं! आणि त्यांनी काय घेतलं, तेही नाही पाहिलं. थांबा, आलेच.”

ती जवळजवळ धावतच परतली. दुकान रिकामं झालं होतं. मावशी कुठेच दिसेनात. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून मावशींचा खोकला ऐकू आला. ती हसतच दारापाशी गेली.

“अजून एक कप घे. घसा बसला ना?” मॅनेजर म्हणत होता.

“बसू दे रे. उद्याच्या शाखेतही भाव असेच वाढवून ठेवलेस का? मग सांग, भांडायला किती वाजता येऊ?”

“अकराला ये, आई.”